तिरपं

सायखेडवाडी, ता. जिंतूर
४ सप्टेंबर

आक्का,

तुला आन दाजींना नमस्कार. आईला सांग मी बरी हाय.

पत्र बघून हसशील. फोन असताना पोरगी पोस्टात कशाला गेली, म्हणशील. अगं, घरात फोन एकच, तो सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत. मी बोलायला लागले की त्या स्पीकर लावत्यात, आन पलीकडं ओसरीवर मामंजी बसलेले. त्यांच्यासमोर पोटातल्या लेकराचं काय बोलू? हे तर ट्रक घेऊन गेलेत गुवाहाटीकडं, दसऱ्याशिवाय येत न्हाईत. म्हणून हे लिहायलेय.

परवा जिंतूरला सोनोग्राफी केली. आठवा संपत आलाय. डॉक्टरीणबाईंकडं लय गर्दी. मशीन फिरवता फिरवता त्या बोलल्या, "ऑब्लिक आहे, दहा-बारा दिवसांनी परत या, तेव्हा बघू." मी इचारणार तवर पुढची बाई आत आली. रिपोर्टवर पण तेच छापलंय, ऑब्लिक. सासूबाई म्हणल्या, "आडवं हाय का?" मी म्हणलं, आडवं असं काय म्हणल्या न्हाईत. त्या म्हणल्या, "मग झालं तर. आडवं नसलं म्हणजे बास."

आक्का, मी बारावी झालेली, पण हा शब्द मला कधी लागला न्हाई. तू शाळेत इंग्रजी शिकवतीस. नीट अर्थ सांग. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तुझा पाय मोडला म्हणून मी इथं अडकले. दिवसभर काम करते, कुणाला काय इचारत न्हाई, पण रात्री हात पोटावर ठेवला की भ्या वाटतंय. लवकर लिही. पत्रात सगळं उघड लिही, इथं मीच वाचते, सासूबाईंना वाचता येत न्हाई.

तुझी
नंदा

पूर्णा
९ सप्टेंबर

प्रिय नंदा,

अगं वेडे, एका शब्दाला घाबरलीस? ऐक आता, फुकटची शिकवणी घे.

ऑब्लिक म्हणजे तिरपं. उभं नाही, आडवंही नाही, मधलं. भिंतीला शिडी लावतो ना, तशी रेघ. आणि माणसाच्या बोलण्यालाही हाच शब्द लावतात. सरळ न सांगता आडून सांगितलं की ते ऑब्लिक. तुझ्या सासूबाई तुला काही सांगायचं असलं की कालवडीला सांगतात, लेकी बोले सुने लागे, त्यासाठी इंग्रजाने हाच शब्द ठेवलाय. वर्गात मी हे उदाहरण दिलं असतं तर पोरं कधी विसरली नसती.

आणि गंमत सांगू? माझ्या एक्स-रेवर हेच लिहिलंय. ऑब्लिक फ्रॅक्चर. नळीचं हाड तिरपं मोडलंय. मीही घाबरले होते. पण परभणीचे डॉक्टर म्हणाले, काही नाही, हलवू नका, पडून राहा, आपोआप जागेवर येतं. दीड महिना झाला, आता दुखतही नाही. म्हणजे तुझं लेकरू आणि माझं हाड एकाच शब्दात बसलंय बघ.

तेव्हा तूही तेच कर. पडून राहा. पाणी शेंदू नकोस, गोठ्यात वाकू नकोस. सासूबाई कालवडीला काय बोलायचं ते बोलू देत. दहा-बारा दिवसांनी डॉक्टरीणबाईंकडे जा म्हणजे झालं.

आई तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करून ठेवतेय. तुझे दाजी म्हणतात, भाची झाली तर पहिलं तिकीट माझ्याकडून, रेल्वेचं. चोवीस तास रूळ तपासणारा माणूस, त्याला दुसरं सुचणार काय?

तुझी
आक्का

सायखेडवाडी
१६ सप्टेंबर

आक्का,

तुझं पत्र आलं तवापासून जीव भांड्यात पडला. दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा फक्त हाडाचं वाचलं.

मी अगदी तू म्हणलीस तशी पडून हाय. सासूबाई कालवडीला म्हणायल्यात, "तुला बी पूर्णेहून पत्र आलं का गं बाई, दिवसभर पसरून राहा म्हणून?" मी तिकडं तोंड करून हसते. पण खरं सांगू का, पाणी त्याच आणायल्यात. बोलतेत आन करतेत.

इकडं पाऊस थांबायचं नाव न्हाई. चार दिवस झाले, नदी पुलावरून वाहायलीय. लाईट न्हाई, टॉवर पण बंद पडलाय, सासूबाईंचा फोन आता नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. दूधवाला बजरंग तेवढा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर कॅन बांधून पलीकडं जातोय. हे पत्र त्याच्याच हाती देते, तो जिंतूरला पेटीत टाकील.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलेला दिवस गेला. मामंजी दोनदा नदीवर जाऊन आले. म्हणले, उतरलं की जाऊ. मला काय आता घाई न्हाई. आपोआप जाग्यावर येतंय, तर नदीचं पाणी अंगावर कशाला घ्यायचं? फक्त पोट एका अंगाला जास्त फुगलंय. उजव्या बरगडीखाली गोल गोल लागतंय, डोकं असंल. रात्री तिथं हात ठेवून झोपते.

पोरगी हाय असं मला वाटायलंय. दाजींना सांग, तिकीट काढून ठेवा.

तुझी
नंदा

पूर्णा
२१ सप्टेंबर, सकाळ

नंदा,

हे वाचलंस की उठ. मी लिहिलेलं सगळं चुकीचं आहे. ते पत्र फाडून टाक.

काल प्लास्टर दाखवायला परभणीला गेले होते. मी आपली हसत हसत डॉक्टरांना सांगत होते, माझ्या बहिणीचं लेकरूही ऑब्लिक आहे म्हणून. ते हसले नाहीत. कितवा महिना, कुठं असते, कुणी तपासलं, एकावर एक विचारलं आणि मला उचलून शेजारच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ठेवा. कळा यायची वाट बघू नका.

शब्द तोच आहे गं. हाड तिरपं असलं तर पडून राहायचं. लेकरू तिरपं असलं तर पडून राहणं म्हणजे मरण. घरी बाळंतपण होणारच नाही. पाणी फुटलं तर लेकरू दगावेल, तूही राहायची नाहीस. मला अर्थ माहीत होता, पण तो पोटात काय करतो हे माहीत नव्हतं, आणि मी मास्तरीण म्हणून लिहून मोकळी झाले.

कालपासून फोन लावतेय, तुमच्या गावात एकही लागत नाही. जीवनरावांना लागला, ते निघाले, पण गुवाहाटीहून यायला आठवडा. ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात पूल उघडू द्या. तुझे दाजी आज रजा टाकून हे पत्र घेऊन नदीपर्यंत येतायत. पोहता येत असतं तर मी त्यांना पलीकडे ढकललं असतं.

नंदा, मामंजींना तूच सांग. लाजू नकोस. कालवडीला नको, त्यांनाच सांग. ट्यूबवर जा, मोठ्या कढईत बसून जा, पण जा.

आक्का

सायखेडवाडी
२५ सप्टेंबर

आक्का,

तू हाईस का?

हे पत्र कुणाला लिहायलेय ते मलाच कळंना. दाजी, आक्का नसंल तर तुमी वाचा. पाकिटावर तुमचा नंबर घातलाय. बजरंगला म्हणलंय, पेटीत टाकू नको, परभणीच्या गाडीच्या कंडक्टरला दे आन फोन करायला सांग.

एकवीस तारखेला दुपारी बजरंग दारात आला आन सासूबाईंशी हळू बोलून गेला. मी आत पडून होते. जरा वेळानं बघते तर सासूबाई न्हाणीत, डोक्यावरून पाणी घ्यायल्यात, लुगड्यासकट. सोमवार न्हाई, काही न्हाई. संध्याकाळी चूल पेटवली न्हाई. शेजारच्या सुकेशनीनं भाकरी आणून दिल्या. मी इचारलं काय झालं, तर म्हणल्या, "काय न्हाई, डोकं जड झालतं."

त्या दिवसापासून त्या मला सरळ बोलायल्यात, आक्का. कालवडीला न्हाई, मला. "खा बाई, तूप घे, रडायचं न्हाई, पोटातल्याला बघायचं." मी रडतच नव्हते. माझ्या केसावरून हात फिरवत्यात आन पदर तोंडाला लावून बाहेर जात्यात. मामंजी माझ्याकडं बघत न्हाईत.

काल सुकेशनीच्या तोंडातून निघून गेलं. कोपरा फाटलेलं पत्र आलं म्हणं पूर्णेचं, मयताचं असतंय तसं. नदीच्या पलीकडून पावण्यानं दिलं, पावणा रडत होता, म्हणला लय वाईट हाय, घरच्याच्याच हातात द्या. सासूबाईंनी ते उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. मयताचं पत्र भरल्या पोटाच्या बाईला दाखवायचं नसतंय, म्हणून कुठं ठेवलं का फाडलं, कुणाला माहीत न्हाई. मामंजींना बी वाचू दिलं न्हाई, म्हणल्या, बाळंतपण होऊ द्या, मग वाचू आन मग रडू.

मी कुणाला काय बोलले न्हाई. त्यांना वाटतंय मला कळलं न्हाई. मी रात्रभर मोजत बसते, आई का आक्का, आई का आक्का. पायाच्या हाडातून विष वर चढतंय म्हणत्यात, तसं झालं का तुला? आईला दम लागत होता. कुणीतरी एक गेलंय, आन मी पडून हाय आन तूप खायलेय.

पुलावरचं पाणी जरासं उतरायलंय. मामंजी म्हणले, ट्रॅक्टर निघंल, तुला एकदा जिंतूरला दाखवून आणू. मीच नको म्हणलं. तू हलू नको म्हणलीस ना. तुझं शेवटचं सांगणं तेच असंल तर मी ते मोडणार न्हाई.

लेकरू हलतंय. तेवढंच बरं वाटतंय.

तू असशील तर एक ओळ लिही. कोण गेलं तेवढं सांग.

नंदा

पूर्णा
२७ सप्टेंबर

तीर्थरूप आश्रुबामामांस, मंजुषाचा साष्टांग नमस्कार.

मामा, या पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलंय. आनंदाची बातमी आहे म्हणून नाही. कुणी मेलेलं नाही हे तुम्हाला दारातच कळावं आणि पत्र घरात यावं म्हणून. आई जिवंत आहे. मी जिवंत आहे. नंदाला हे आधी सांगा, मग पुढचं वाचा.

मागच्या पत्राचा कोपरा कुणी फाडला नव्हता. बजरंगच्या ट्यूबवर भिजून तो गळून पडला असणार. आमचे हे पलीकडे उभे होते. परक्या माणसाला बायकांचं काय सांगायचं, म्हणून नुसते "लय वाईट हाय" म्हणाले आणि डोळे पुसत परत आले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. आज त्यांना यायचं होतं, पण रुळाखालची खडी वाहून गेलीय, रजा नाही. कंडक्टरकडून नंदाचं पत्र आणि बजरंगचा नंबर मिळाला, तो नदी ओलांडून आल्यावर त्याला फोन लागला. तो म्हणाला, "ताई, बायामाणसाचं मी कसं सांगू, चिठ्ठी द्या." म्हणून पुन्हा चिठ्ठीच, त्याच कंडक्टरच्या हाती देतेय.

मी सुनेची बहीण. तुमच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन बसणारी. तुम्हाला हे असं लिहिणं शोभत नाही हे मला कळतं. पण आज आडून लिहिणार नाही.

नंदाच्या पोटात लेकरू तिरपं आहे. पिशवीच्या तोंडाशी ना डोकं आहे, ना पाय. तिथं काहीच टेकलेलं नाही. पाणी फुटलं की मोकळ्या वाटेनं लेकराच्या आधी नाळ बाहेर घसरते आणि दाबली जाते. नाळ दाबली की लेकराचा श्वास गेला. कळा येत राहिल्या तर पिशवी फाटते, मग नंदाही जाते. कोणतीही सुईण हे सोडवू शकत नाही, पोट चोळून तर मुळीच नाही. ऑपरेशन होतं अशा दवाखान्यातच न्या, कळा नसताना न्या, आज न्या. वाटेत पाणी फुटलं तर तिला बसू देऊ नका. कंबर उंच धरा, डोकं खाली, दवाखाना येईपर्यंत.

पडून राहा असं मी तिला लिहिलं होतं. ते चुकीचं होतं, सगळी चूक माझी आहे. ती माझ्या शब्दावर अडून बसलीय, तिला सांगा, आक्का म्हणाली उठ.

सासूबाईंना रागावू नका. त्यांनी तिला जपायलाच ते लपवलं. पण ते पत्र असेल तर काढा आणि वाचा, म्हणजे माझा विश्वास बसेल की तुम्हाला कळलं.

पाया पडते मामा, हे वाचून मग विचार करत बसू नका.

मंजुषा

परभणी, दवाखाना
३ ऑक्टोबर

सौ. मंजुषाबाईस आश्रुबाचा रामराम.

फोन हाय, पण मी फोन करत न्हाई. राजनंदिनीच्या, तुमच्या नंदाच्या खाटंला खेटूनच आमी बसलेलो असतो. आन बाहेर जाऊन बोलावं म्हणलं तर माझ्या तोंडातून निघत न्हाई, दोनदा करून बघितलं. म्हणून लिहून जीवनच्या हाती द्यायलोय.

तुमचं कुंकवाचं पत्र अठ्ठावीस तारखेला सकाळी आलं. मी मोठ्यानं वाचलं. पोरीनं ऐकलं आन आधी तुमचं नाव घेऊन रडली, मग हसली. आमची ही उठली, गोठ्यात गेली आन वळचणीतून ते भिजलेलं पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. मी ते बी वाचलं. तिथंच कळलं का आपण काय केलं.

लगेच ट्रॅक्टर काढला. गादी टाकली. पूल ओलांडला, पलीकडं जीप होती. जिंतूरच्या अलीकडं पाणी फुटलं. तुमी लिहिलं तसंच झालं, मंजुषाबाई, अक्षराला अक्षर. हिनं पोरीची कंबर आपल्या मांडीवर उचलून धरली ती परभणीपर्यंत खाली ठेवली न्हाई. जिंतूरच्या डॉक्टरांनी पुढं पाठवलं, सोबत नर्स दिली. मी पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडं बघत होतो. मागं बघायची माझी छाती झाली न्हाई.

पोरगी वाचली. ऑपरेशन झालं, रक्त दिलं, आता उठून बसती. लेकरू न्हाई वाचलं. मुलगी होती. डॉक्टर म्हणले, पिशवी फाटायच्या आत आणली म्हणून आई तरी हाताला लागली. तेच पुढं म्हणले, पाच-सहा दिवस आधी आणली असती तर दोघी घरी गेल्या असत्या. ही तिथंच उभी होती. तिनं ऐकलं.

मी एकट्यानं माती दिली. नाव ठेवायचं राहिलं.

आता ज्याच्यासाठी लिहायलोय ते लिहितो. राजनंदिनीला हे कुणी सांगितलं न्हाई. शुद्धीवर आली तवा तिनं इचारलं, लेकरू कुठं हाय. हिच्या तोंडून निघून गेलं, काचेच्या पेटीत ठेवलंय. मी बी हो म्हणलं. परवा जीवन आला, त्याला दारातच गाठून सांगितलं, तर त्यानं बी आत जाऊन पेटीचंच सांगितलं. डॉक्टर म्हणतेत आज सांगा, उद्या सांगा, आमी एकमेकाकडं बघतो.

तिला पान्हा फुटलाय. वाटीत दूध काढून देती आन म्हणती, आत्या, पेटीत द्या. ही वाटी पदराखाली धरून बाहेर येती आन मोरीत ओतती. दिवसातून चार-पाच वेळा. ती बाई आता कालवडीशी बी बोलायच्या कामाची राहिली न्हाई. मी तिला काय म्हणू? पत्र वळचणीला तिनं ठेवलं, पण न वाचता गप बसणारा मीच घरधनी.

आमाला सरळ बोलायची सवय न्हाई. आमच्या घरात कुणालाच न्हाई. तुमी चारी कोपऱ्याला कुंकू लावून वाईट लिहिलंत, ते तेवढं आमाला नीट कळलं. म्हणून हात जोडतो, तुमी या. पायाला प्लास्टर हाय, जीवन उचलून गाडीत बसवील. तुमी तिच्याजवळ बसा आन जसं मला लिहिलंत तसं तिला सांगा. माझी चूक सांगा, हिची सांगा, तुमची सांगा, काय सांगायचं ते सांगा, पण सांगा. जीवनला वाटंत काही इचारू नका, तो बोलणार न्हाई.

काल संध्याकाळी ती मला इचारत होती, मामा, पोरगी कुणावर गेलीय. मी म्हणलं, तुझ्यावर. तेवढं खरं हाय.

आश्रुबा